करून पाहिलेले विज्ञान



तिसरी-चौथीच्या वर्गात बहुधा एकच बाई भाषा, गणित आणि परिसर अभ्यास शिकवतात. आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेला बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यामुळे दहावीनंतर विज्ञान सुटलेल्या कित्येकींना पुढे बाष्पीभवन शिकवावे लागते. मग पुस्तकातील वाक्ये पाठ करून घेतली जातात. "पावसाळ्यात धुणे लवकर का वाळत नाही?" असे एखादीने विचारले, तर "खाली बस" हेच उत्तर मिळते. दोनदा गप्प केलेली मुलगी तिसऱ्यांदा विचारीत नाही. खरे नुकसान हे आहे.

दोष त्या बाईंचा नाही. त्यांना स्वतःच्या हाताने करून पाहायला कोणी शिकवलेच नाही.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था आहे. तेथील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी २०१४ पर्यंत अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, हे मुलाला तेथेच उमगते. खर्च किती, तर चार-दोन रुपये!

भगिनींनो, शिक्षिकांना असे प्रत्यक्ष शिक्षण मिळावे, अशी मागणी मंडळाने करावी. काड्या, डबे, बाटल्या आपण पुरवू. "मला ठाऊक नाही, आपण करून पाहू," असे म्हणणारी बाई प्रत्येक वर्गाला लाभो, एवढेच मागणे.