स्वयंपाकघरातली ऊबदार जमीन

टोकियोतल्या फुनाबोरीहून बोलतोय. आज विषय घरगुती आहे: थंडीत स्वयंपाकघर गरम कसं ठेवायचं?

आमच्याकडे भिंतीलगत ऑइल हीटर होता. हिवाळ्यात पहाटे इथे पारा शून्याच्या जवळ जातो. हीटरशेजारी ऊब, पण ओट्यापाशी पाय गारठलेले. शिवाय आमचं विजेचं कनेक्शन 30 अँपिअरचं, म्हणजे 100 व्होल्टवर 3,000 वॉट. हीटर 1,200 वॉटचा, मायक्रोवेव्ह 1,300 चा. त्यात किटली लावली की घरात अंधार!

म्हणून गेल्या वर्षी जमिनीखालून गरम करायची सोय केली. जपानीत तिला 'युका दानबो' म्हणतात. तिचे दोन प्रकार. विजेची चादर बसवायला सोपी, पण रोज बराच वेळ चालवली तर बिल वाढतं. दुसऱ्या प्रकारात बारीक नळ्यांतून गरम पाणी फिरतं. त्याला बसवण्याचा खर्च जास्त, आणि गॅसचा बॉयलर या कामासाठी चालणारा हवा. आम्ही पाण्याचा घेतला, कारण त्यात वीज लागते ती जवळपास पंपापुरतीच.

करणार असाल तर आधी इमारतीच्या व्यवस्थापन समितीची परवानगी घ्या. खालच्या घरात आवाज जाऊ नये म्हणून फ्लोअरिंगचे नियम असतात. जुन्या जमिनीवरच नवा थर टाकला तर जमीन सेंटिमीटरभर वर येते, तेव्हा दारं अडकत नाहीत ना ते बघा. फ्रिज आणि कपाटांखाली नळ्या नकोत. जमीन तापायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून टायमर लावा.

इथवर सगळा हिशोब मी एक्सेलमध्ये मांडला होता. एक रकाना मात्र राहिला.

जानेवारीत आई पुण्याहून आली. जमीन ऊबदार बघून खुर्ची सोडून खालीच बसायला लागली. मेथी निवडायची, पायांवर शाल घेऊन तिथेच डुलकी काढायची. आम्हाला कौतुक वाटायचं. एका रात्री हिला आईच्या टाचेवर लाल चट्टा आणि फोड दिसला. आईला काहीच कळलं नव्हतं. तिला वीस वर्षांचा मधुमेह, तळपाय बधिर. डॉक्टर म्हणाले, ही कमी तापमानाची भाजणी आहे. 44 अंशांवरही तीन-चार तास त्वचा एकाच जागी टेकलेली राहिली, तर भाजते. उघडी जमीन एवढी तापत नाही, पण शाल-गोधडीखाली उष्णता कोंडते.

जखम भरायला सहा आठवडे लागले. परतीचं तिकीट पुढे ढकललं.

आता आई खुर्चीवर बसते, पायांत मोजे आणि सपाता. आई बसली की तापमान सर्वांत खाली. रोज रात्री तिचे तळपाय मी स्वतः बघतो.

तुमच्याकडेही या हिवाळ्यात आई-बाबा येणार असतील, घरात रांगतं बाळ असेल, तर ऊब जरूर द्या. पण त्यांना तिथे झोपू देऊ नका, आणि पाय तपासत राहा. त्यांना चटका कळेलच असं नाही.

काळजी घ्या. नमस्कार!