कायद्याला संमती कोणाची?



अकोल्याच्या जठारपेठेत भरलेल्या या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. कोर्टात उभे राहणारे आणि मराठीत लिहिणारे असे दोन्ही प्रकारचे लोक इथे एका मांडवाखाली बसले आहेत. म्हणून दोघांच्याही जिव्हाळ्याचा एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

एखादा देश स्वतंत्र होतो, त्या रात्री झेंडा बदलतो. सकाळी कचेरी उघडते, तेव्हा दप्तर जुनेच असते. शिक्का जुना, फौजदारी कायदा जुना, सारावसुलीचे नियमही जुने. मग त्या देशाने स्वतःचे असे काय मिळवलेले असते? माझ्या मते त्याने एक अधिकार मिळवलेला असतो: आपल्याला लागू होणारा प्रत्येक कायदा समोर मांडून, त्यावर उघड बोलून, तो ठेवायचा की टाकायचा हे ठरवण्याचा. कायदा कुठून आला हे पाहावेच. पण ज्याला तो लागू होतो त्याला तो घडताना बोलता आले का आणि चुकला तर बदलता येतो का, यावरच तो आपला की परका हे ठरते.

हे वऱ्हाडात बोलायला विशेष कारण आहे. संमतीवाचून कायदा म्हणजे काय, हे या मुलखाने जवळजवळ शंभर वर्षे भोगले आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. कारण काय, तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा थकलेला खर्च. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा, आणि राबणारा कुणबी या हिशेबात कुठेच नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सालीना २५ लाख रुपयांवर हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्या वर्षी तो मध्यप्रांताला जोडला.

याचा कायद्यावर झालेला परिणाम तरुण वकिलांनी समजून घ्यावा. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता, म्हणून कलकत्त्यात किंवा दिल्लीत झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. परक्या मुलखावरील अधिकार वापरून, अधिसूचना काढून तो लावला जाई. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी गेले, पण कसे? मतदारांनी निवडून द्यायचे आणि मग सरकारने त्यांची नेमणूक करायची. परक्या मुलखातला माणूस थेट निवडून आलेला सभासद कसा मानायचा, हा पेच सरकारने असा सोडवला होता. पुढे १९४१ मध्ये ‘बेरार लॉज ॲक्ट’ (बेरार म्हणजे वऱ्हाडच) करून अनेक मध्यवर्ती कायदे या मुलखाला एकदम लागू केले गेले. तोवर इथल्या वकिलाला कायद्याच्या आधी तो लावणारी अधिसूचना शोधावी लागे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला आणि १८९७ मध्ये ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ झाला. शेतमालाच्या बाजाराला नियम घालणारा हा देशातला अगदी पहिल्यांपैकी एक कायदा. पुढच्या कित्येक कायद्यांनी त्याचा आधार घेतला. नियमाची गरज खरीच होती. कास्तकार कापसाची गाडी घेऊन यायचा, आणि अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय अशी कपात होता होता हाती काय राहील हे त्याला आधी कळत नसे. कायद्याने बाजाराला जागा दिली, वजनमापावर देखरेख आणली. पण बाजार चालवणाऱ्या समितीत वजन व्यापाऱ्यांचे. ज्याचा कापूस, त्याला तिथे बोलायला जागा नव्हती. १९६३ च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना समितीत बहुमत दिले. आजही बाजार समित्यांविषयी तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. तरी फरक लक्षात घ्या: १८९७ मध्ये कास्तकाराला अर्ज करता येत होता, आज त्याला समिती बदलता येते. परका कायदा आपला होतो तो असा.

१९४७ कडे वळू. इंग्रज जाणार हे ठरले तेव्हा वऱ्हाडापुढे दुहेरी कोडे होते. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री पुन्हा मान्य झाले होते. त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता. इंग्रजांची सत्ता गेल्यावर वऱ्हाड कोणाचे, हा निव्वळ पुस्तकी प्रश्न नव्हता. आणि हिंदुस्थानात राहायचे तर कोणत्या प्रांतात? हिंदी भाषकांबरोबर, की मराठी भाषकांबरोबर?

याच अकोल्यात ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, अकोला करार झाला. शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख यांच्यासारखे नेते त्यात होते. पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांची विधिमंडळे व मंत्रिमंडळे वेगळी, पण प्रांत एक, अशी त्याची मांडणी. तो करार त्या स्वरूपात अमलात आला नाही. तरीही मला तो मोलाचा वाटतो. मुलुखांचे भवितव्य तोवर रेसिडेन्सीत ठरत होते. इथे या मातीतली माणसे समोरासमोर बसून, कोणत्या अटींवर एकत्र राहायचे हे लिहून काढत होती. देशाची घटना दिल्लीत लिहिली जात होती, तेव्हा अकोल्यात एका प्रदेशाच्या घटनेचा मसुदा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

दिल्लीतल्या त्या कामातही आपली माणसे होती. घटनेचा मसुदा इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यावरून उचलला, इकडून तिकडून जमवला, अशी टीका झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला सरळ उत्तर दिले: उसने घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाची मालकी नसते. आयर्लंडकडून मार्गदर्शक तत्त्वे आली, अमेरिकेकडून हक्कांची कल्पना आली, हे खरे. पण काही कलमे आपल्याच विहिरीच्या काठावरून तिथे पोहोचली आहेत.

हे शब्दशः घ्या. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळण्याचा. पुढच्याच वर्षी पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाडच्या तळ्याचा संग्राम आणि अमरावतीच्या विहिरी डोळ्यांपुढे ठेवून घटनेचे कलम १५ वाचा. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात विहिरीचे नाव यावे, याचे कारण इथल्या माणसाला विहिरीवरून हाकलले होते. घटनेत देशाची ओळख उतरते ती अशा ठिकाणी.

पंजाबरावांचे संविधान सभेतले भाषणही वाचले पाहिजे, पटो वा न पटो. ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. केवळ इथे जन्मला म्हणून नागरिक, ही तरतूद त्यांना फार सैल वाटली. मुंबई बंदरात काही तास उतरलेल्या परदेशी बाईला मूल झाले तर तेही भारतीय ठरेल का, असा त्यांचा सवाल होता. अन्य देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू आणि शिखांना, ते कुठेही राहत असले तरी, हक्क द्यावा अशी दुरुस्तीही त्यांनी मांडली. सभागृहाने ती नाकारली. नागरिकत्व धर्मावर उभे राहू नये, हा कौल मला स्वतःला योग्य वाटतो. पण पंजाबरावांचा प्रश्न मिटला नाही. १९८७ पासून केवळ जन्म पुरेसा राहिला नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने धर्माचा मुद्दा पुन्हा पुढे आणला. आपण कोण, याचे उत्तर नव्या देशाला एकदा देऊन भागत नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेत गेलेल्या आणखी दोघांची नावे घेतो. काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर १९४८ मध्ये एक दुरुस्ती सुचवली: माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे यांची विनाकारण झडती घेता येऊ नये, हा मूलभूत हक्क असावा. बाबासाहेबांनी ती उपयुक्त म्हणून स्वीकारण्याची तयारीही दाखवली. तरी ती शेवटी घटनेत आली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, तेव्हा या दुरुस्तीचीही चर्चा झाली. न स्वीकारलेले शब्दसुद्धा सत्तर वर्षांनी उपयोगी पडतात, कारण ते उघडपणे बोललेले असतात.

दुसरे नागपूरचे हेमचंद्र खांडेकर. त्यांनी संविधान सभेत गुन्हेगार जमाती कायद्याविरुद्ध आवाज उठवला. घटनेच्या कलम ३७२ ने जुने कायदे चालू ठेवले, कारण एका रात्रीत सगळे रद्द केले तर कोर्टच बंद पडेल. पण चालू राहिलेल्या त्या ढिगात १८७१ पासूनचा हा कलंकही होता. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या पारध्यांना आणि इतर जमातींना पोलिसांच्या हजेरीतून मोकळे व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. देश १९४७ ला सुटला, ही माणसे पाच वर्षांनी. आणि पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, पोलिसी नजर फारशी बदलली नाही. जुना कायदा पुढे चालवताना प्रत्येक कलम तपासले नाही, तर त्याची किंमत सर्वांत दुबळा माणूस मोजतो. इंडियन पीनल कोड जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या बाबतीतही नाव कोणते आहे यापेक्षा आत काय बदलले, हेच आपण तपासायचे आहे.

जगात हा प्रश्न सगळीकडे आहे. सिलोनला १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले ते लंडनच्या हुकमाने आलेल्या घटनेसह. स्वतःच्या संविधान सभेची घटना यायला १९७२ उजाडले. त्याच वर्षी बांगलादेशाने आपली घटना बंगालीत लिहिली आणि तोच पाठ प्रमाण मानला. पूर्व तिमोर २००२ मध्ये स्वतंत्र झाला, तेव्हा त्याला इंडोनेशियाचे कायदे काही काळ चालवावे लागले. आपल्या शेजारच्या गोव्यात तर १९६१ नंतरही १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता पुष्कळ अंशी राहिली. पतिपत्नीच्या सामाईक मालमत्तेचा नियम तिथल्या लोकांना सोयीचा वाटला आणि त्यांनी तो टिकवला. आपल्या संविधान सभेने मात्र एक गोष्ट ठामपणे केली. शेवटच्या, ३९५ व्या कलमाने तिने ब्रिटिश संसदेचा स्वातंत्र्य कायदाच रद्द केला. आमच्या कायद्याचे मूळ आता आमच्यात आहे, असे ते सांगणे होते.

ते मूळ वऱ्हाडात किती खोल गेले? इथे थोडे कठोर बोलावे लागेल. १९५६ मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. कुळकायदे मात्र आजही एका महाराष्ट्रात तीन आहेत: पश्चिमेला १९४८ चा, मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा, आणि विदर्भाला १९५८ चा. १९२८ च्या बेरार लँड रेव्हेन्यू कोडची जागा मध्य प्रदेशाच्या १९५४ च्या कोडने घेतली आणि तो १९६७ पर्यंत चालला. अशा फरकांना माझी हरकत नाही. त्यांत प्रदेशाचा इतिहास आहे. हरकत आहे ती दिलेल्या शब्दाच्या उपेक्षेला. अकोला करार मागे पडला, १९५३ चा नागपूर करार आला, त्यातून घटनेच्या कलम ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. वेगळे राज्य हवे असणाऱ्यांनी आणि नको असणाऱ्यांनी, दोघांनीही, घटनेतला शब्द पाळण्याचा आग्रह एकत्र धरला पाहिजे. कारण लेखी संमती देऊन आत आलेल्या प्रदेशाशी ती संमती पाळणे, हाच संघराज्याचा पाया आहे.

मित्रहो, आपल्यापुढे तीन कामे ठेवतो. पहिले, वऱ्हाड आणि मध्यप्रांतातून संविधान सभेत गेलेल्या सभासदांची भाषणे निवडून, टिपांसह मराठीत एक ग्रंथ काढावा. आपल्या लॉ कॉलेजांतल्या मुलांना पंजाबराव, करीमुद्दीन, खांडेकर मराठीत वाचायला मिळाले पाहिजेत. दुसरे, प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या वकिलांच्या घरी पडून असलेले बेरारच्या काळातले निवाडे, अधिसूचना, सारावसुलीची कागदपत्रे गोळा करून एका ठिकाणी जपावीत. तिसरे आणि सर्वांत निकडीचे, अशिलाला त्याचा निकाल सोप्या मराठीत, लेखी, समजावून देण्याची प्रथा आपण स्वतःहून सुरू करावी. त्यासाठी कुठल्याही परवानगीची गरज नाही. सात-बारा हातात घेऊन कोर्टाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला आपल्या बाबतीत नेमके काय ठरले हे कळले, तरच त्याला त्यावर अपील करावेसे वाटेल, आमदाराला जाब विचारावासा वाटेल, कायदा बदला असे म्हणता येईल.

पुढच्या अधिवेशनात कामकाजाची सुरुवात या तीन कामांच्या अहवालाने व्हावी, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडतो, आणि तिसरे काम उद्यापासून माझ्या अशिलांपासून सुरू करण्याचे वचन देतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.