दहावीनंतर काय? हिशेबाच्या बाजूने थोडेसे
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्कार कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितले होते, करिअर मार्गदर्शनावर बोला. आता मी आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस. डॉक्टर कसे व्हावे हे मला सांगता येणार नाही. पण डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्यासाठी घरातून पैसा कसा जातो, ते मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहे. तेवढेच बोलतो.

दहावीचा निकाल लागला की आपल्या यवतमाळात एकच प्रश्न असतो : नागपूर, लातूर की कोटा? मुलाला काय आवडते, हे त्यानंतर. कॉमर्स म्हटले की आईवडिलांचा चेहरा पडतो. "मार्क कमी पडले काय हो?" असे शेजारी विचारतात! हिशेबाची बुद्धी ही काय कमी बुद्धी आहे?

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची फी बसते, क्लासची फी बसत नाही. मग काय होते? क्लाससाठी दागिने गहाण पडतात, वैयक्तिक कर्ज काढले जाते, नाही तर वावराचा तुकडा जातो. आणि खऱ्या प्रवेशाची वेळ येते तेव्हा हात रिकामा. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असतात. ती सोय पुढे आहे, म्हणून आधीची पुंजी क्लासमध्येच संपवू नका.

आता मुलांनो, कागद-पेन घ्या. समजा 4 वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी 1 लाख रुपये कर्ज, व्याज 10 टक्के. शिक्षण संपून एक वर्षाने हप्ता सुरू होणार. लोक म्हणतात, 4 लाखांचे कर्ज. पण पहिल्या लाखावर 5 वर्षांचे व्याज झाले 50 हजार, दुसऱ्यावर 40, तिसऱ्यावर 30, चौथ्यावर 20. सरळ व्याज धरले तरी 1 लाख 40 हजार. म्हणजे परतफेड सुरू होते ती 5 लाख 40 हजारांवर. 7 वर्षांत फेडायचे तर महिन्याला 9 हजारांच्या आसपास हप्ता. पहिली नोकरी 18 हजारांची लागली तर अर्धा पगार बँकेत गेला, आणि पुण्यात खोलीभाडे वेगळेच. कर्ज घेऊ नका असे मी म्हणत नाही, कर्ज देण्यातच माझी नोकरी गेली! पण हे गणित सही करण्याआधी ज्याला फेडायचे आहे त्याने स्वतः करावे. मुलगा सतराव्या वर्षी सहज करू शकतो. शिकत असताना जमेल तेवढे व्याज भरत गेले तर पुढचा बोजा हलका होतो, हेही त्याला आपोआप दिसेल.

अडचण अशी की हे गणित त्याला कोणी घालतच नाही. नावे-जमा, कीर्द, खतावणी हे शब्द अकरावी कॉमर्सला गेलेल्यालाच भेटतात. बाकीचे तसेच मोठे होतात. पूर्वी शाळांमधून 'संचयिका' असायची, मुलांची बचत बँक. मुलेच पैसे घ्यायची, पासबुकावर लिहायची, जमा रक्कम पोस्टात जायची. रोख आणि वही जुळली पाहिजे, ही शिस्त तिथे लागायची. पुढे ती योजना मागे पडली. आज मात्र 10 वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते, रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये तशी मोकळीक दिली. किती जणांनी उघडले? हात वर करायला सांगत नाही.

हा विचार काही नवा नाही. आपल्या शेजारी वर्ध्याला 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, मग डॉ. झाकिर हुसेन समिती, आणि त्यातून नई तालीम. हाताने काम करत शिकायचे. मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, हा त्यातला भाग मला तेव्हाही अवघडच वाटला असता. पण सूत कातणाऱ्या मुलाला कापूस केवढ्याचा, मेहनत केवढ्याची, हे कळत होते. आता 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही सहावी ते आठवीत 10 दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची गोष्ट आहे. आपल्याकडे तर जिनिंग आहे, बाजार समिती आहे. कास्तकाराच्या पोराला कापसाचा भाव तोंडपाठ असतो. एकरी 8 क्विंटल, 7 हजार भाव धरला तर 56 हजार, झाले! अरे भाऊ, ती विक्री झाली. बियाणे, खत, फवारणी, डवरणी, किलोवर दिलेली वेचणी काढ. आणि मायने वावरात केलेले काम कोणत्या खात्यात लिहिलेस?

लांब कशाला, आपली सोसायटीच घ्या. 25 वर्षे ताळेबंद निघतो. वार्षिक सभेत तो वाटतात, आणि लोक चहाची वाट पाहतात. आदर्श उपविधीप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा. 4 लाखांत बांधलेल्या घरामागे पाव टक्का म्हणजे वर्षाला 1 हजार. 25 वर्षांत व्याज सोडून 25 हजार. तेवढ्यात आज गच्चीचे वॉटरप्रूफिंग होईल का, हे नववीच्या मुलाने विचारले तर सभेत आपल्यापैकी कितीजण उत्तर देऊ?

म्हणून खजिनदारांशी बोलून ठेवले आहे. दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी 10 वाजता सोसायटीच्या ऑफिसात आठवी ते बारावीची मुले-मुली बसतील. सायन्सवालेही चालतील. मेंटेनन्सच्या पावत्या, पाण्याच्या मोटारीचे वीजबिल, वॉचमनचा पगार यांची कीर्द लिहायची, खतावणी करायची, महिनाअखेर बँकेच्या पासबुकाशी जुळवायची. थकबाकीदारांची नावे झाकलेली राहतील, काळजी नको. फी नाही. येताना एक दोनशे पानी वही आणि पेन्सिल आणा, पेन नको, कारण पहिले दोन महिने खोडावे लागते.