पंप बदलण्याआधी दारं तपासा
(उदगीर इथल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत येताना तुम्ही बाहेर एक ट्रॅक्टर उभा पाहिला असेल. त्याला पलटी नांगर जोडलेला आहे, नांगर वर उचललेला आहे आणि इंजिन बंद आहे. भोवती दोरी बांधून दोन पोरं राखणीला ठेवली आहेत, कारण उचललेल्या औजाराखाली कुणी जायचं नसतं. बैठक सुरू होण्याआधी आम्ही चारजणांसमक्ष फाळाच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजलं. ते १६ इंच भरलं. भाषण संपलं की पुन्हा मोजायचं आहे.

एरवी आम्ही इथं उभे राहिलो की कपाशीच्या भावावर बोलतो. आज तेलावर बोलणार आहोत. गोडं तेल नव्हे, ट्रॅक्टरच्या पोटातलं हायड्रॉलिकचं तेल. हसू नका. या तेलापायी आमच्या एका कार्यकर्त्याचे एका हंगामात इतके पैसे गेले, की तेवढ्यात त्याच्या पोराचं वर्षाचं शिक्षण झालं असतं. त्याचा नांगर बांधाला वळताना वर उचलला की हळूहळू खाली बसायचा. वर्कशॉपवाला म्हणाला, पंप गेला. नवा पंप घातला. नांगर तसाच खाली बसू लागला. मग म्हणाला, दुसरी कंपनी घालू. तोवर नांगरणीचे दिवस निघून गेले, आणि भाड्याचं ट्रॅक्टर लावून त्यानं रान नांगरून घेतलं. शेवटी आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या फिटरनं लिफ्ट उघडली. आतल्या पिस्टनचं रबरी कडं चिरलं होतं. कडं मिळालं चहापाण्याच्या पैशात.

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसं. कॉलेजात व्हॉल्व्हचा आडवा छेद काढायला शिकलो, मार्कही चांगले पडले, पण व्हॉल्व्ह उघडून हातात कुणी दिला नाही. त्यामुळं तो पंप बदलला तेव्हा आम्हीही शेजारी उभं राहून मान डोलावत होतो, हे आज कबूल करतो.

आता मूळ गोष्ट. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाटाला पाणी आहे. कोणत्या सरीत पाणी जायचं हे मोटर ठरवते का? दारं धरणारा ठरवतो. एक दार मोडतो, दुसरं बांधतो. मोटर फक्त पाणी ढकलते. ट्रॅक्टरमध्ये अगदी हेच आहे. पंप तेल ढकलतो. तुमच्या हाताजवळचा लिव्हर म्हणजे फावडं. त्या लिव्हरला आत एक पेन्सिलीसारखा गुळगुळीत दांडा जोडलेला असतो, त्याला मधे मधे खाचा असतात. त्याला स्पूल म्हणतात. स्पूल एका बाजूला सरकला की तेलाची वाट पिस्टनकडं उघडते, नांगर वर येतो. दुसऱ्या बाजूला सरकला की पिस्टनमागचं तेल टाकीत परत जातं आणि नांगर आपल्या वजनानं खाली उतरतो. मधोमध असला की पिस्टनची वाट बंद, आणि बहुतेक ट्रॅक्टरांत पंपाचं तेल नुसतं टाकीत फिरत राहतं.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण इथंच आपण फसतो. पंप दाब तयार करत नाही. दाब तयार होतो तेल अडवल्यावर. वाट मोकळी असेल तर कितीही नवा पंप असू द्या, घड्याळाचा काटा हलणार नाही. वाट अडली, पुढं नांगराचं वजन आलं, की दाब चढतो. आणि बंद जागेतल्या द्रवाचा दाब सगळ्या बाजूंना सारखाच पोचतो, हे फ्रान्समधल्या पास्कलनं सतराव्या शतकात सांगून ठेवलं आहे. हिशेब करून पाहा. ८ सेंटीमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला १५० किलोचा दाब मिळाला तर जोर झाला ७,५०० किलो. मधल्या तरफांमुळं नांगराच्या टोकाला त्यातला दीड-दोन टनच हाती येतो, पण तेवढा पुरतो. जिनिंगमध्ये १७० किलोची रुईची गाठ दाबणारा प्रेस पाहिलाय ना? तोही याच हिशेबानं चालतो.

आता समजा, दारं धरणाऱ्यानं सगळी दारं बांधून टाकली आणि मोटर चालूच आहे. काय होईल? पाट फुटेल. पाझर तलावाचा बांध फुटू नये म्हणून सांडवा ठेवतात, तसा या यंत्राला सांडवा ठेवलेला असतो. त्याचं नाव रिलीफ व्हॉल्व्ह. एक स्प्रिंग, तिनं दाबून धरलेली गोळी किंवा सुळका. ठरलेल्या दाबाच्या वर दाब गेला की स्प्रिंग मागं सरते आणि तेल टाकीत सांडतं. नांगर मुळाला अडकला, तुम्ही लिव्हर ओढून धरला आणि आतून करकर आवाज आला, तो सांडवा वाहतोय. लगेच लिव्हर सोडा. धरून ठेवलात तर तेल तापतं, पातळ होतं आणि पुढं सगळीकडून गळतं.

काही ड्रायव्हर या स्प्रिंगचा स्क्रू आवळतात, नाहीतर खाली वायसर घालतात, म्हणजे लिफ्ट जास्त उचलते. सांडव्यावर वाळूची पोती रचून तलावात जास्त पाणी साठवल्यासारखं हे आहे. एक दिवस होज फुटतो, नाहीतर लिफ्टचं घरच तडकतं, आणि ते घर चहापाण्याच्या पैशात मिळत नाही.

आपल्या विहिरीच्या पाईपाच्या बुडाशी फूटव्हॉल्व्ह असतो. ज्याला आपण सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतो तो. पाणी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाही. तो गळका झाला की रोज सकाळी पाईपात पाणी भरत बसावं लागतं. तशीच एकेरी वाटेची झडप लिफ्टमध्ये आहे. इंजिन बंद केल्यावरही नांगर वर राहतो तो तिच्या जिवावर, आणि पिस्टनच्या कड्याच्या जिवावर.

थोडं लांबचं सांगतो, पण सांगण्यासारखं आहे. आमचे वडील देवणी बैलांचा नांगर धरायचे. बरड लागली की रुमण्यावरचा हात जरासा उचलायचा, फाळ बोटभर वर यायचा, बैलांचा दम टिकायचा. पुन्हा काळी लागली की हात दाबायचा. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, हाताला कळायचं. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना ते कळत नव्हतं. नांगर मागं नुसता ओढला जायचा. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उठायचा आणि ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचा. माणसं मरत होती. १९१७ साली आयर्लंडच्या सरकारी शेती खात्यानं हॅरी फर्ग्युसन नावाच्या मेकॅनिककडं ट्रॅक्टरांचं काम सुधारायचं काम दिलं. त्यानं पुढच्या वीसेक वर्षांत नांगर तीन सांध्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला आणि वरच्या सांध्यामागं स्प्रिंग बसवली. जमीन कठीण लागली की वरची लिंक ट्रॅक्टरकडं दाबली जाते, स्प्रिंग दबते, स्प्रिंग स्पूलला सरकवते, पिस्टनला थोडं तेल जातं, नांगर बोटभर वर येतो. ताण कमी झाला की स्पूल परत जागेवर. रुमण्यावरचा हात त्यानं व्हॉल्व्हमध्ये घातला.

१९३८ साली त्यानं हेन्री फोर्डबरोबर हातात हात देऊन तोंडी करार केला आणि १९३९ साली या पद्धतीचा फोर्ड ट्रॅक्टर बाजारात आला. पुढं फोर्डच्या नातवानं करार मोडला. फर्ग्युसन कोर्टात गेला, आणि १९५२ साली ९२ लाख ५० हजार डॉलर भरपाईवर तडजोड झाली. हायड्रॉलिकची पेटंटं हा त्या भांडणातला एक मोठा मुद्दा होता. १९६० साली मद्रासला टॅफे कंपनी निघाली ती फर्ग्युसनच्याच घराण्यातले ट्रॅक्टर बनवायला. आज कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, मागं तेच तीन सांधे आहेत.

मग आम्ही विचारतो, तुमच्यापैकी किती जण नांगरताना ड्राफ्टचा लिव्हर वापरतात? हात वर करा. पाहा, मोजके. बाकीचे पोझिशनवर ठेवून देतात. पोझिशन म्हणजे एक उंची धरून ठेवणं. फवारणीच्या पंपाला ते ठीक आहे. नांगराला नाही. उदगीर भागातल्या रानात एकाच तासाला काळी लागते, मुरूम लागतो, पुन्हा काळी लागते. पोझिशनवर ठेवलं की मुरमात चाक फिरतं आणि डिझेल जळतं. ड्राफ्टवर खोली थोडी कमीजास्त होते, हे खरं आहे. लिव्हर कितीवर ठेवायचा हे पहिल्या दोन तासांत आपल्या रानात पाहून ठरवायचं.

आता टिपिंग ट्रॉली. इथं जिवाचा प्रश्न आहे. ट्रॉलीचा डबा उचललेला असतो, दांडीत काहीतरी अडकतं म्हणून माणूस खाली वाकतो. त्याला वाटतं, झडप आहे ना, डबा कसा पडेल? पण ती झडप कुठं आहे? ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीच्या सिलिंडरपर्यंत रबरी होज आहे, आणि तो झडपेच्या पलीकडं आहे. होज फुटला की झडप शाबूत असूनही डबा खाली येतो. सिलिंडरच्या तोंडाशीच होज फुटल्यावर बंद होणारी झडप बसवता येते. नवी ट्रॉली घेताना ती मागा. आणि ती असो-नसो, डब्याखाली वाकायचं असेल तर आधी लोखंडी टेकू लावा. तेलाच्या भरवशावर मान घालायची नाही.

दुसरं, होजला बारीक छिद्र पडलं तर बोटानं चाचपू नका. एवढ्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आतून बोट सडतं. इंजिन बंद करून दाब सोडा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तेल शिरलंच तर त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि ‘दाबाचं तेल शिरलंय’ असं डॉक्टरला स्पष्ट सांगा.

स्पूल आणि त्याचं घर यांच्यातली फट माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. तिच्यात आपल्या काळ्या मातीचा कण गेला की स्पूल अडकतो किंवा ओरखडतो. ट्रॉलीचा होज सोडला की त्याचं तोंड धुळीत पडतं, आणि दुसऱ्या दिवशी तसंच खुपसलं जातं. वर ते पुसायला आपण घेतो कापसाचा बोळा! त्याचे तंतू थेट आत. टोपण लावा, पुसायला न सुटणारं धुतलेलं फडकं घ्या. आणि तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय, ते काढूनच टाका.

राहिलं वर्कशॉप. तिथं जाण्याआधी घरी दोन गोष्टी करा. औजार वर उचला, लिव्हर तिथंच ठेवा, इंजिन बंद करा, लांब उभं राहून बघा. तासाभरात थोडं उतरणं चालतं. पाच-दहा मिनिटांत जमिनीला लागत असेल तर कडं गळतंय नाहीतर झडप. इंजिन बंद असताना पंप कामच करत नाही, मग पंपाचा दोष कुठून आला? दुसरी गोष्ट, हलकं औजार उचलतं पण जड उचलत नाही, असं असेल तर पंपही असू शकतो आणि सांडव्याची स्प्रिंगही. तिथं अंदाज चालत नाही. दाब मोजायचं घड्याळ लावा म्हणा. घड्याळ नसेल त्या वर्कशॉपात पंप बदलू नका. गावोगावच्या शाखांनी मिळून तालुक्याला एक घड्याळ घ्यावं, अशी आमची सूचना आहे. आज संध्याकाळच्या सत्रात तिच्यावर बोलू.

चला, आता बाहेर. टेप कुणाकडं आहे?