थंड पाण्यात डायव्हिंग? आधी वेटसूट अंगाला बसतो का ते बघा

हा एपिसोड मी साखरखेर्ड्यातून, आमच्या घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मधेच ट्रॅक्टर गेला किंवा कुत्रं भुंकलं, तर समजून घ्या.

आजचा विषय आहे थंड पाण्यातल्या स्कूबा डायव्हिंगसाठी वेटसूट कसा निवडायचा. तुम्ही म्हणाल, बुलढाणा जिल्ह्यातला माणूस समुद्राचं काय सांगणार? बरोबर आहे. मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. बीटेक झालं, नोकरी लागली आणि मग तारकर्लीला जाऊन स्कूबाचा कोर्स केला. तिथलं पाणी कोमट, २७-२८ अंशांचं. ३ मिलिमीटरचा जरा ढगळ सूट मिळाला होता, पण काहीच बिघडलं नाही. आणि तिथेच माझा गैरसमज झाला, की सूट कसाही असला तरी चालतो.

पुढे प्रोजेक्टसाठी कॅलिफोर्नियात गेलो. तिथे मॉन्टेरेला समुद्राखाली केल्प नावाच्या शेवाळाचं अक्षरशः जंगल आहे. पाणी मात्र वर्षभर साधारण १० ते १५ अंश. दुकानात ७ मिलिमीटरचे दोन सूट घालून पाहिले. एक इतका घट्ट, की चढवतानाच घाम फुटला. दुसरा एक साइज मोठा, झटकन अंगात गेला. मी अर्थातच दुसरा घेतला.

पाण्यात उतरलो आणि दहा-बारा मिनिटांत कुडकुडायला लागलो. बोटं बधिर झाली. सोबतच्या डायव्हरनं हातानं विचारलं, ठीक आहेस का? मी ओकेची खूण केली. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं, मी परत ओके! चक्क खोटं. एवढ्या लांब येऊन, पैसे भरून, आपल्यामुळे दुसऱ्याचा डाइव्ह बुडायला नको, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्यांदा जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण शोधायला गेलो, तर बोटाला ते लागेचना. तेव्हा मात्र घाबरलो. दोन्ही दंड चोळून थंडीची खूण केली आणि आम्ही सावकाश वर आलो. किनाऱ्यावर माझी बकलं त्यानंच सोडवली.

ही गोष्ट काल बाबांना सांगितली. ते म्हणाले, "भिजायचंच हाये तं एवढं महागाचं रबर घालतो काहून?"

प्रश्न एकदम बरोबर. वेटसूट आपल्याला कोरडं ठेवतच नाही. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्याच ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं विचार केला, की माणूस कोरडा राहायलाच हवा असं कुठे आहे? निओप्रिन नावाच्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. ऊब धरतात ते हे बुडबुडे. आपली वाकळ जशी थरांमधल्या हवेमुळे ऊब देते, तसंच. सूटच्या आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं कोमट होतो. फक्त तो तिथेच टिकायला हवा.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गमबुटासारखं."

आमच्याकडे रब्बीत लाईट रात्रीची असते. डिसेंबरच्या थंडीत बाबा गव्हाला पाणी द्यायला जातात. बुटात एकदा पाणी गेलं तर पायाच्या उबेनं ते कोमट होतं, निभावतं. पण बूट फाटका असेल आणि सारखं नवीन पाणी आत-बाहेर होत असेल, तर पाय बधिर होतात. माझा मोठा साइजचा सूट म्हणजे तोच फाटका बूट होता!

तर आता कामाचं. सूट घातल्यावर काखेत, जांघेत आणि कमरेच्या मागच्या खोलगट भागात चिमटीनं धरून बघा. रबर सहज अंगापासून सुटत असेल तर तिथे पाणी खेळणार. हात वर करा, खाली बसा, वाका, छाती भरून श्वास घ्या. श्वास अडायला लागला तर सूट जास्त घट्ट आहे. गळ्याशी फार आवळला तर चक्करही येऊ शकते, ते अंगावर काढू नका. मनगट आणि घोट्याला चांगला घट्ट हवा. बायकांनी बायकांच्या मापाचाच सूट मागावा, बेतणीच वेगळी असते. घालताना पायाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, पाय सरकन जातो.

जाडीचं साधारण गणित असं: २७ अंशांच्या वर २-३ मिलिमीटर, २० ते २४ ला ५, आणि १० ते १८ ला ७ मिलिमीटर, सोबत टोपी, हातमोजे, बूट. त्याहून थंड असेल तर ड्रायसूट, पण त्याचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. आइसलँडच्या सिल्फ्रात पाणी २ ते ४ अंश असतं, तिथे ड्रायसूटच घालतात.

आणखी एक. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो. म्हणजे खोल गेलं की ऊब कमी आणि तरंगणंही कमी. जाड सूटला वजनाचा पट्टाही जास्त लागतो, म्हणून वजन उथळ पाण्यातच तपासून घ्या.

मी नंतर तोच घट्ट सूट घेऊन परत मॉन्टेरेला गेलो. पंचवीस मिनिटं केल्पमध्ये फिरलो. मग थंडी वाजायला लागली. सूट चांगला होता, तरी वाजली. या वेळी पहिल्याच शिरशिरीला दंड चोळून खूण केली आणि वर आलो. कुणी रागावलं नाही.

आणि हो, बाबांसाठी यंदा नवे गमबूट घेतलेत. नेमक्या मापाचे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.