डबा, पातेले आणि चंद्र

फोटोग्राफीचा नाद लागलेली मुले एक प्रश्न हमखास विचारतात. फिल्म मोठी, म्हणजे तिला उजेडही जास्त लागणार ना? शंका रास्त आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, आणि स्टँडवरच्या मोठ्या कॅमेऱ्यातली फिल्म आठ बाय दहा इंचांची. क्षेत्रफळात जवळजवळ साठपटींचा फरक.

पण पावसात अंगणात सरळ काठांचा डबा ठेवा, शेजारी तसेच मोठे पातेले ठेवा. एक इंच पाऊस झाला तर दोन्हींत पाणी एक इंचच चढते. फिल्मचेही तसेच. म्हणूनच हातातल्या प्रकाशमापकाला फिल्मचा वेग सांगावा लागतो, तिची लांबी-रुंदी नव्हे. एफ/८ म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराचा आठवा भाग. ५० मिलिमीटरच्या भिंगात ते छिद्र सव्वासहा मिलिमीटरचे, ३०० च्या भिंगात साडेसदतीसचे. भोक वाढले, पण फिल्मही तेवढीच लांब गेली. हिशेब चुकता! मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही हाच नियम.

मग मोठ्या कॅमेऱ्याची खोड कुठे? त्याला लांब भिंग लागते, आणि लांब भिंगात जवळचे नि दूरचे एकदम रेखीव येत नाही. छिद्र एफ/३२ पर्यंत मिटवावे लागते. म्हणजे एफ/८ च्या सोळापट वेळ. तेवढ्यात पान हलते, मूल हसते. शिवाय एखादे फूल फिल्मवर खऱ्या आकाराएवढे हवे असेल तर भाता दुप्पट ताणावा लागतो आणि उजेड पाव उरतो. हातातल्या मीटरला हे कळत नाही. भिंगातून मोजणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांनी आपल्याला लाडावून ठेवले आहे.

१९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावापाशी ॲन्सेल ॲडम्स यांनी असाच आठ बाय दहाचा कॅमेरा घाईघाईने उभा केला. समोर चंद्र वर आलेला, मागे सूर्य बुडत चाललेला, दफनभूमीतल्या क्रुसांवर शेवटचे ऊन. आणि मीटर सापडेना! पण चंद्राची दीप्ती त्यांना पाठ होती : चौरस फुटाला २५० कँडल. (चंद्रावर आम्ही कवींनी थोडे का लिहिले आहे? हा आकडा मात्र आमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल असे वाटत नाही.) चंद्र उजळ यावा, पण पांढराफटक होऊ नये, असा त्यांनी हिशेब धरला. ६४ वेगाच्या फिल्मला एफ/८ वर सेकंदाचा साठावा भाग. पिवळ्या फिल्टरमुळे तिप्पट, म्हणजे विसावा. आणि एफ/३२ वर सुमारे एक सेकंद.

शटर उघडले, मिटले. दुसऱ्या फोटोसाठी फिल्मची चौकट उलटवेपर्यंत क्रुसांवरचे ऊन गेले होते. हाती एकच निगेटिव्ह राहिली, तीही खालच्या भागात फिकी. १९४८ साली तो भाग रसायनात बुडवून त्यांनी गडद करून घेतला.