काटा थंड, इंजिन तप्त

मानपाड्याच्या नाक्यावर, कल्याण-शीळ रस्त्यानें येणारीं वाहनें संध्याकाळीं मुंगीच्या पावलांनीं सरकतात. अशा गर्दींत एखादी प्रीमियर पद्मिनी अडकली, कीं मालकाची दृष्टि वारंवार डॅशबोर्डावरील उष्णतामापकाकडे वळते, आणि तें योग्यच होय. ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० डिलाइट या नांवानें होऊं लागली. पद्मिनी हें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. आतां उरली ती हौशी घरांतून. तिच्या इंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें. पाणी आटून तें एकदां वांकलें, म्हणजे मापकाच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च मालकाच्या माथीं बसतो.

जुन्या मोटारींतून मापकाचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यांत इंजिनाच्या पाण्यांत बुडालेला धातूचा बल्ब असतो. त्यांत ईथर भरलेलें असून तेथून काट्यापर्यंत तांब्याची अतिशय बारीक नळी जाते. पाणी तापलें कीं ईथरच्या वाफेचा दाब वाढतो व काटा चढतो. नळी तडकली कीं ईथर उडून जातें आणि काटा थंडाच्या खुणेवर स्वस्थ पडतो. इंजिन उकळत असतां 'सर्व क्षेम' सांगणारा हा साक्षीदार फारच घातक! परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण निवल्यावर थोडें पाणी काढून बल्ब सोडवावा व उकळत्या पाण्यांत धरावा. डोंबिवलीसारख्या सखल जागीं काटा शंभर अंशांच्या आसपास गेलाच पाहिजे. ईथर ज्वालाग्राही, तेव्हां नळीला घरीं डाख देण्याचा उद्योग कोणीं करूं नये. बल्ब, नळी व मापक हा संचच बदलावा. नवी नळी कोठेंही चिमटूं नये. इंजिनाचे हादरे सोसण्यासाठीं तिला मध्यें एक सैल वेटोळें द्यावें.

दुसरा प्रकार विजेचा. येथें आधीं सेन्सरची तार काढावी आणि चावी फिरवून ती क्षणभरच, लहानशा दिव्यामधून, इंजिनाच्या धातूला लावावी. काटा हलला तर दोष सेन्सरचा. न हलला तर फ्यूज, तार किंवा मापक तपासावें. पेट्रोलचाही काटा त्याच दिवशीं बिघडला असेल, तर दोघांस वीज पुरविणाऱ्या समाईक भागावर संशय घ्यावा. नवा सेन्सर जुन्या मापकाशीं जुळणाराच हवा. नुसते आटे बसले म्हणून भागत नाहीं. शिवाय त्याचें अर्थिंग त्या आट्यांतूनच होतें. मिस्त्री कौतुकानें तेथें टेप गुंडाळतात, तें टाळावें.

शेवटीं पाणी भरून, आंतील हवा निघूं देऊन, गाडी जागेवरच चालूं ठेवावी. थर्मोस्टॅट उघडला कीं रेडिएटरचा वरचा रबरी पाइप एकदम तापतो; तोंपर्यंत काटा मध्याच्या आसपास चढलेला दिसावा. तसें न झाल्यास गाडी नाक्याकडे नेऊं नये.